न्हाणीवरची घोळ

आमच्या घरात आंघोळ करणाऱ्या माणसाला मध्येच ओरडावं लागे. साबण लावून झाला, अंगावरचा फेस उतरला, की आतून हाक द्यायची, "साबन झाला!" मग बाहेर परसात उकिडवी बसलेली हसीनाफुफू पाण्याच्या दांडात आडवं लावलेलं कवेलू, म्हणजे छपराचं कौल, उचलून दुसऱ्या अंगाला लावायची. तोवरचं फेसाचं पाणी केळीच्या बुडाशी गेलेलं असे. कवेलू फिरलं की मागचं नितळ पाणी घोळीच्या वाफ्यात शिरे. हाक द्यायला कोणी विसरलं तर न्हाणीच्या फळीवर बाहेरून थाप पडायची. आमचे अब्बा घरात कोणाचं ऐकून घेणारे नव्हते, पण डोळ्यांत साबण गेलेला असताना "झाला वो बाई, झाला" असं आपल्या धाकट्या बहिणीला सांगताना मी त्यांना रोज ऐकलं आहे. शेजारच्या गिरजाबाईंच्या ओसरीपर्यंत ते ऐकू जाई. त्या अम्मीला म्हणायच्या, "तुमच्या घरी कोन कवा आंघोयला, हे साऱ्या मोहल्ल्याले मालूम रायते वो." अम्मी हसायची, पण तिला ते आवडायचं नाही.

घोळ म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. जमिनीला धरून पसरणारी, जाड तांबूस देठांची, गुबगुबीत बारक्या पानांची भाजी. चवीला आंबटसर. कापसात आणि तुरीत बाया निंदायला बसतात तेव्हा उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकतात ती हीच, आणि धुऱ्यावर पडल्या पडल्या पुन्हा मूळ धरते ती पण हीच. परवा माझ्या सुनेनं फोनवर वाचून मला सांगितलं की ही भाजी हृदयाला फार चांगली असते. मी म्हटलं, असेल. आम्ही ती खायचो, कारण चिमूरच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला जात, बाजारात वांगी सुकून यायची आणि दुसरं हिरवं काही दिसायचं नाही.

आम्ही पिंजारी. पुढची खोली म्हणजे दुकान, मधली म्हणजे घर आणि मागे स्वयंपाक. स्वयंपाकाच्या मागे परस, त्यात न्हाणी. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की गावातले लोक जुन्या गाद्या घेऊन यायचे. अब्बा छताला टांगलेली धनुष्यासारखी पिंजण हातात धरून तिच्या तातीवर लाकडी मोगरी मारत बसायचे. त्या आवाजात एक ठेका असतो. मला अभ्यास त्याच्यातच करायची सवय झाली होती, आणि पुढे बल्लारपूरला मराठी शाळेत शिकवायला गेले तेव्हा पहिले काही दिवस शांततेत झोप येत नव्हती. रुईचा भुगा मात्र सगळीकडे असे. केसांत, पाण्याच्या माठावर, दह्यावर, भाजीच्या ओल्या पानांवर. घोळ कितीही पाण्यातून काढली तरी जेवताना दातात एखादा धागा यायचाच. आम्ही तो बोटानं काढून ताटाच्या कडेला लावायचो आणि पुढचा घास घ्यायचो. बाहेरचं कोणी जेवायला असलं की अम्मीला त्या धाग्याची फार लाज वाटायची.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या त्या मोहल्ल्यात, हिंदू घरांत काय आणि आमच्यात काय, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली घोळ घरच्या माणसांनीच खायची. ती विकायची नाही, शेजारी द्यायची नाही, पाहुण्याच्या ताटात तर मुळीच वाढायची नाही. शेतातली घोळ वेगळी, ती कोणालाही चाले. गिरजाबाईंना मी एकदा कारण विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ज्यायच्या आंगावरचं पानी पिऊन ते वाढली, त्यायनंच खावं. दुसऱ्याले काऊन आपलं आंगधुनं चारतं?" मला ते पटलं. आजही पटतं. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी आली की तिला बाकी सगळं मिळे, कोंबडी कापली जाई, शेवया होत, पण न्हाणीवरची घोळ तिच्या ताटात पडत नसे. ती आता दुसऱ्या न्हाणीची झाली. यात कोणी कोणाचा अपमान करत नव्हतं. उलट तो मान होता.

हसीनाफुफू आली ती धान कापणीच्या दिवसांत. तिचं सासर पार सिरोंच्याकडे, चंद्रपूर आणि आलापल्लीवरून जंगलातून दिवसभर गाडीत बसायचं तेव्हा कुठे यायचं. तिकडे तेलुगू चालते. घरात तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, वहाबभाई कर्ता. त्याचं शिवणकामाचं दुकान होतं आणि फुफूचा नवरा, सत्तारफुप्पा, त्या दुकानात भावाच्या मशीनवर कपडे शिवायचा. फुफूला मूल नव्हतं. ती एक गाठोडं घेऊन दारात उभी राहिली तेव्हा अब्बांनी पिंजण थांबवली आणि पहिला प्रश्न विचारला, "मारलं काय कोनी?"

"नाई," फुफू म्हणाली. "कोनी मारत नोहोतं, भाऊ. कोनी बोलतही नोहोतं."

तिच्या जेठानीनं, म्हणजे वहाबभाईच्या बायकोनं, तिच्याशी बोलणं टाकलं होतं. जेठानी बोलत नाही म्हणून तिची लेकरं बोलत नसत, लेकरं बोलत नाहीत म्हणून सासूही हळूहळू बोलेनाशी झाली. स्वयंपाकघरात भांडी एकमेकींना सरकवायच्या तेवढंच. फुफू बोलल्याशिवाय न करमणारी बाई, तिला हे मारापेक्षा कठीण गेलं. शेवटी सत्तारफुप्पानंच तिला गाडीत बसवून दिलं. "मी येतो मांगून," असं तो खिडकीतून म्हणाला होता. ते वाक्य तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की माझे लहान भाऊ खेळताना ते म्हणायला लागले.

तो आला नाही. थंडी गेली, गाद्यांचं काम उतरलं, होळी आली. अब्बा म्हणायचे, "ते काय मानूस हाय? बैल हाय. भाऊ हाकलन तिकडं जाते."  फुफूला काय हवं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. तिला तलाक नको होता. नवरा हवा होता, फक्त ते घर नको होतं. आमच्या लोकांत असं मागणं कोणी ऐकलेलं नव्हतं. बाई सासरी नांदते किंवा सुटते. तिसरी गोष्ट म्हणजे घरजावई, आणि ती शिवी होती.

होळीच्या सुमाराला तिनं परसातला कोपरा खणायला घेतला. न्हाणीच्या तोंडाशी थोडी घोळ आपोआप उगवत असे, पण तिला वाफा हवा होता. गिरजाबाईंच्या धुऱ्यावरून तिनं बोंडं धरलेली रोपं आणून जुन्या ओढणीवर पसरून ठेवली होती. उपटलेली असूनही ती आणखी बरेच दिवस बी पिकवत राहिली. बोंडाचं टोपण आपसूक निघायचं आणि आतून काळं बी सांडायचं, खसखशीपेक्षा बारीक. ते तिनं चुलीच्या राखेत मिसळलं, म्हणजे हातातून एका जागी पडत नाही. वरून माती टाकू दिली नाही. "झाकलं का बुजलं," ती म्हणायची. "याले ऊन दिसाले पायजे." नुसता तळवा फिरवून बी दाबलं आणि हातानं पाणी शिंपडलं. रोपं चार पानांवर आली तेव्हा तिनं मला विरळणी करायला बसवलं. घोळीत दुधी नावाचं एक तण येतं, हुबेहूब तसंच पसरणारं. देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर फेकायचं, ते पोटाला वाईट. साधं पाणी आलं तर घोळ. माझी बोटं तेव्हा सतत चिकट असायची आणि शाळेच्या वहीवर डाग पडायचे.

त्या वाफ्याची तिला जी काळजी होती ती मी नंतर फार थोड्या लोकांना कशाची करताना पाहिली. कोंबड्या शिरू नयेत म्हणून बोराटीच्या काट्यांचं कुंपण. पाणी फार झालं तर देठ सडतो, म्हणून वाफ्याला एका कोपऱ्यातून बाहेर काढून दिलेली वाट. कापायची तर विळीनं वरून, बुडाशी दोन पेरं ठेवून, म्हणजे पुन्हा फुटते. पिवळं फूल सकाळी उमलून दुपारी मिटतं. ते दिसलं की शेंडा खुडायचा, नाहीतर पान बारीक होत जातं. आणि कापायची वेळ. पहाटे कापलेली घोळ जास्त आंबट लागते, संध्याकाळी कापलेली कमी. अब्बांना आंबट आवडे, म्हणून मी फजरच्या नमाजानंतर विळी घेऊन जायची. मग लसूण, हिरवी मिरची आणि भिजवलेली लाखोरीची डाळ घालून फुफू ती गंजात शिजवायची. कधी ताकातली पातळ, भातावर घ्यायला. लसणाचा वास पुढच्या खोलीपर्यंत जाई आणि पिंजणीचा ठेका जरा जलद होई.

आणि ती भाजी फुफूच्या ताटात पडत नसे. वाढायचं काम अम्मीचं होतं. आम्हा सगळ्यांना घोळ वाढून झाली की अम्मी फुफूपुढे काहीतरी दुसरं ठेवायची. वरण, नाहीतर तिच्यासाठी मुद्दाम तळलेलं अंडं. वाफा तिनं केला, पाणी तिनं वळवलं, निवडली, शिजवली तिनं, आणि ती अंडं खायची. मागून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. मला अम्मीचा राग यायचा. एकदा मी बोलून गेले, "फुफूले काऊन नाई देत?" अम्मीनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "ते पाहुनी हाय. मान ठेवाले पायजे." आज अम्मीच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे आल्यावर मला तिचं म्हणणं दिसतं. तिच्या मनानं नणंदेचा संसार तिकडे होता. घोळ वाढली असती तर तिनं स्वतःच्या हातानं त्या संसाराचं दार लावलं असतं. पण हे दिसतं म्हणून तेव्हाचा राग चूक होता असं मी म्हणणार नाही.

वाफ्याशी बसलो असताना फुफूनं मला एक गोष्ट सांगितली. सिरोंच्याच्या घरीही तिनं न्हाणीपाशी घोळ लावली होती, लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात. तिकडे या भाजीला गंगवायली म्हणतात आणि तुरीच्या डाळीत चिंच घालून करतात, पण ती बाजारातून आणलेली. जेठानीनं न्हाणीवरची पाहिली आणि घाण म्हणून उपटून भिंतीकडे फेकली. भिंतीपाशी ती पुन्हा उगवली. मग जेठानीनं तिच्यावर उकळतं पाणी ओतलं.

"फुप्पानं खाल्ली होती काय?" मी विचारलं.

"शिजवाच्या आधीच गेली ना बेटा," ती म्हणाली. "त्याले मी सांगतलं होतं आपल्या इथची रीत. तो हासला होता. म्हने, मंग मी वाट पाहातो." आणि तिनं कवेलू उचलून दुसरीकडे लावलं, कारण न्हाणीतून धाकट्यानं हाक दिली होती.

उन्हं अगदी कडक झाली तेव्हा बांबूच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप आला की वहाबभाई स्वतः न्यायला येत आहेत. अब्बांनी दुकानात बसूनच फुफूला हाक मारली. मी दाराशी होते.

"जेठ खुद्द येऊन राह्यला," अब्बा म्हणाले. "आता मी नाई कसा म्हनू? घरच्या मोठ्या मानसानं दाराशी यावं आन् आपन वापस लावावं, असं होते काय?"

"एकटेच येऊन राह्यले?"

"सत्तारही हाय संगं."

फुफूनं विचारलं, "भाऊ, तुमाले का वाटते?"

अब्बांना खोकला होता, रुईचं काम करणाऱ्या सगळ्यांना असतो. तो संपेपर्यंत त्यांनी वेळ घेतला. मग म्हणाले, "मले का वाटते याले कोन पुसते? बाई सासरीच बरी." ती आत गेली आणि तिनं लसूण सोलायला घेतला. त्या दिवशी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त लसूण सोलला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याची चटणी करावी लागली.

चंद्रपूरला रात्र काढून ते आले त्या सकाळी अब्बांनी पुढच्या खोलीतला भुगा झाडून काढला आणि पिंजण वर बांधून ठेवली. वहाबभाई अंगानं भरलेला, बोलण्यात गोड, वागण्यात व्यवस्थित माणूस होता. आमच्यासाठी आंबे आणि अम्मीसाठी कापड घेऊन आला होता. मी त्याला वाईट म्हणू शकत नाही. सत्तारफुप्पा त्याच्या मागून आला, काटकुळा, कॉलरच्या मागे दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली. तो सगळ्यांना सलाम करून भिंतीशी बसला. फुफू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दाराशी बाजेवर गिरजाबाईंचे मालक गोविंदाभाऊ येऊन बसले होते. असल्या बोलण्याच्या वेळी शेजारचं एक शहाणं माणूस असावं म्हणून अब्बांनीच त्यांना बोलावलं होतं. ते आमच्याकडे जेवत नसत, तंबाखू मळत बसत.

बोलणं फार झालं नाही. वहाबभाई तिकडच्या हिंदीत म्हणाला, "हमारे घर में क्या कमी है? खाना नहीं? कपडा नहीं?"

"कमी नाई," अब्बा म्हणाले.

"किसी ने हात उठाया?"

"नाई."

"फिर? कल सवेरे की गाडी से ले जाता हूं. बात खतम."

अब्बांनी गोविंदाभाऊंकडे पाहिलं. गोविंदाभाऊ तंबाखूकडे पाहत होते. अब्बा म्हणाले, "बरं." आत फुफू भाकरी थापत होती. ते "बरं" तिला ऐकू गेलं हे मला दिसलं, कारण तिचा हात थांबला आणि भाकर एका बाजूनं जाड राहिली. मला रडू येत होतं, तिला नाही. ती मला म्हणाली, "कांदा काप. पाहुन्यायले लागते."

मटणाचा रस्सा होता, भात होता. पाहुण्यांच्या जेवणात घरच्यांचं राहून जातं म्हणून चुलीशी दुसऱ्या गंजात सकाळची घोळ शिजवून ठेवलेली होती, मुलांसाठी आणि अम्मीसाठी. पुरुष दस्तरखानावर बसले. मी वाढत होते. वहाबभाई मन लावून जेवत होता आणि रस्त्यात पाहिलेल्या वाघाच्या पावलांबद्दल सांगत होता. फुप्पाच्या ताटात पहिल्यांदा वाढलेला रस्सा तसाच होता. मधलं दार उघडं होतं आणि तिथून चूल दिसत होती. मी भात घेऊन आले तेव्हा त्यानं हात आडवा धरला.

"रज्जो," तो फुफूकडून शिकलेल्या आमच्या बोलीत म्हणाला, "त्या गंजात काय हाय?"

"घोळ."

"न्हानीवरची?"

"हो."

"आन मंग थोडी."

मी त्या घरातली कोणतीही मुलगी म्हणाली असती तेच म्हणाले. "फुप्पा, ते पाहुन्यायले नाई देत."

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "म्हनूनच मांगून राह्यलो."

वहाबभाई मोठ्यानं हसला. "गोश्त सामने रखा है और ये पत्ते मांग रहा!" त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही, तेव्हा त्यानं इकडे तिकडे पाहिलं. अब्बांचा घास हातात होता. शेवटी दाराशी बसलेल्या गोविंदाभाऊंनी तोंडातली तंबाखू बाहेर टाकली आणि त्याला समजावून सांगितलं, जसं परक्या गावच्या माणसाला रस्ता सांगतात तसं. "वहाबभाई, आमच्या इथी हे भाजी घरचेच खाते. तुमचा भाऊ इथीच राहाचं म्हनून राह्यला."

"सत्तार?" वहाबभाई म्हणाला.

फुप्पा ताटाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. "मशीन तुमची हाय, भाईजान," तो म्हणाला. "ठेवून घ्या. मी तिले मांगून येतो म्हनलो होतो. आलो."

मी दारात भाताचं भांडं घेऊन उभी. काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी अब्बांकडे पाहिलं. अब्बा आपला शब्द देऊन बसले होते. "बरं" म्हणून जेमतेम भात वाढेपर्यंतचा वेळ झाला होता. जावई घरात ठेवून घेतला तर गावात काय म्हणतील तेही त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि बहीण आत होती.  त्यांनी मान वळवून मधल्या दाराकडे पाहिलं. ते माझ्याकडे नव्हते बघत, माझ्या मागे बघत होते.

अम्मी डोक्यावरून पदर ओढून उभी होती. हातात घोळीचा गंज आणि पळी. परक्या पुरुषांपुढे ती कधी वाढायला येत नसे. ती मला बाजूला सारून पुढे झाली, फुप्पाच्या ताटाशी वाकली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं हाय. चालते काय?"

"चालते," तो म्हणाला.

तिनं वाढली. चांगली दोन पळ्या. मग तशीच आत गेली, एक ताट घेतलं, त्यात जाड राहिलेली ती भाकर ठेवली, उरलेली घोळ घातली आणि फुफूपुढे ठेवली.  फुफू तिथेच चुलीच्या धगीला बसून खायला लागली आणि मध्येच थांबून तिनं दातातला रुईचा धागा बोटानं काढला. आयुष्यात मी अम्मीला फार वेळा मिठी मारली नाही, आमच्यात ती पद्धत नव्हती. त्या दिवशी मारावीशी वाटली, पण तिच्या हाताला भाजी लागलेली होती आणि बाहेर भात संपला होता.

वहाबभाईनं जेवण अर्धं टाकलं नाही. शेवटच्या घासापर्यंत जेवला, हात धुतले, अब्बांना सलाम केला आणि उन्हातच छत्री उघडून एसटी स्टँडवर गेला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथेच बसला होता असं नंतर कोणीतरी सांगितलं. अब्बांनी त्याला थांबवलं नाही आणि पोचवायलाही गेले नाहीत.  दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला एक कोपरा मोकळा केला, आणि गाद्यांच्या ज्या खोळी ते आजवर बाहेर शिवायला देत त्या फुप्पाकडे टाकल्या. सुरुवातीला तो हातानंच शिवायचा. मशीन पुढच्या थंडीत आली, जुनी, कुरकुर करणारी, आणि पिंजणीच्या ठेक्यात तिचा आवाज मिसळू लागला.

गावानं त्याला सोडलं नाही. घरजावई म्हणायचे ते तोंडावर म्हणायचे. पानठेल्यावर कोणी त्याला नावानं हाक मारत नसे, "पिंजाऱ्याचा जवाई" एवढंच. तो मान हलवून पान घ्यायचा. मला वाटायचं त्याला काही लागत नाही. माणूस काही दाखवत नसला की आपण सोयीनं तसं धरून चालतो. सिरोंच्याहून मात्र त्यानंतर निरोप आला नाही. ईदला नाही, घरातल्या लग्नांना नाही. फुफू दर वर्षी त्याला म्हणायची, जाऊन या. तो म्हणायचा, बोलावतीन तं जाईन.

मी शिक्षिकेचा कोर्स करत होते आणि सुटीला घरी आले होते तेव्हा त्याची आई गेल्याचं कळलं. तेही घरून नाही, ट्रकवाल्याकडून, दफन होऊन गेल्यावर. बोलावणं नव्हतं, तरी तो त्याच दिवशी निघाला. तिकडे फार थांबला नाही. परत आला तेव्हा दुपार होती. त्यानं चपला काढल्या, पाय धुतले आणि मधल्या खोलीत भिंतीशी येऊन बसला. अम्मीनं पाणी दिलं. फुफू समोर बसली.

"बोलले काय?" तिनं विचारलं.

"बोलले," तो म्हणाला. "सारे बोलले. भाईजान बोलले, भाभी बोलली, पोरं बोलले. चांगले बोलले."

"मंग?"

"मायची खाट होती तिथी सारे सतरंजीवर बसले होते. मीही बसाले गेलो." तो पाणी प्यायला आणि त्यानं पेला खाली ठेवला. "तं भाभीनं पोराले हाक मारली. म्हने, यायले खुर्ची आन."

 फुफूनं हळूच विचारलं, "मंग तुमी का केलं?"

"का करतो?" तो म्हणाला. "बसलो."